कानशिलातील धमनी आणि तिच्याखालचा मज्जातंतू

कानशिलावर बोट टेकले असता जी नाडी उडताना लागते ती टेम्पोरल आर्टरीची, म्हणजे शंखप्रदेशातील वरवरच्या धमनीची. तिचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे ही स्थानिक भूल देऊन होणारी किरकोळ शस्त्रक्रिया मानली जाते, आणि तिला किरकोळ मानण्यातच तिचा धोका आहे. लोधिवली येथे जमलेल्या शल्यचिकित्सकांपुढे अध्यक्षपदावरून हाच विषय मांडला जात आहे, कारण या धमनीच्या अगदी जवळून भुवई उचलणारा मज्जातंतू जातो.

ज्या विकारासाठी ही तपासणी होते तो जायंट सेल आर्टेरायटिस, म्हणजे धमनीच्या भिंतीला सूज येऊन तिची पोकळी अरुंद करणारा आजार, पन्नाशीनंतर आणि बहुधा सत्तरीच्या आसपास होतो. 1932 मध्ये मेयो क्लिनिकच्या बेयार्ड हॉर्टन यांनी त्याचे वर्णन केले. भारतीयांत तो कमी आढळतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. भाकरीचे चार घास चावताच जबडा भरून येतो आणि चावणे थांबले की दुखणे ओसरते, केसांतून फणी फिरवली तरी डोके दुखते, अशी तक्रार घेऊन आलेली खालापूर-कर्जतकडची आजी दातांच्या डॉक्टरकडे किंवा चष्म्याच्या दुकानात पाठवली गेली, तर मधल्या काळात डोळ्याच्या मज्जातंतूचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी कायमची जाऊ शकते. त्यामुळे संशय बळकट असेल तर स्टिरॉइड त्याच दिवशी सुरू करावे आणि तुकडा शक्यतो दोन आठवड्यांच्या आत काढावा. औषध सुरू झाल्यावरही सुजेच्या खुणा भिंतीत काही काळ टिकतात.

ही धमनी गालाच्या हाडाच्या कमानीवरून वर जाऊन दोन फांद्यांत विभागते, त्यांपैकी एक कपाळाकडे आणि दुसरी केसांतून माथ्याकडे जाते. फेशियल नर्व्हची, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंना हलवणाऱ्या मज्जातंतूची, कपाळाकडची शाखा कुठून जाते हे ब्राझीलचे शल्यचिकित्सक इव्हो पितांगी यांनी 1966 मध्ये एका रेषेने दाखवले: कानाच्या छिद्रापुढील उंचवट्याच्या अर्धा सेंटिमीटर खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वर. धमनी ज्या पातळ पडद्यात असते त्याच पडद्याच्या खालच्या अंगाला हा तंतू चिकटून जातो, म्हणून चीर डोळ्याकडे जितकी सरकेल आणि कात्री जितकी खोल जाईल तितका धोका वाढतो.

माथ्याकडची फांदी निवडून केसांच्या आत चीर घेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. भुलीच्या औषधाने जागा फुगली की नाडी हरवते, तेव्हा सुई टोचण्यापूर्वीच डॉप्लर यंत्राने किंवा बोटाने नाडी शोधून धमनीचा मार्ग पेनाने आखून घ्यावा. मग फक्त त्वचा कापून, कात्रीची टोके धमनीला समांतर उघडत वरच्या थरातच राहावे, आणि विजेचा चटका शक्य तितका कमी वापरावा. सूज सलग नसून मध्ये निरोगी भाग सोडून असते, शिवाय फॉर्मालिनमध्ये तुकडा आखडतो, यासाठी दोन सेंटिमीटरांहून कमी घेऊ नये.

तंतू दुखावला तर त्या बाजूची भुवई खाली येते आणि कपाळाच्या आठ्या पुसल्या जातात. केवळ ताणाने किंवा चटक्याने झालेली इजा बहुधा काही महिन्यांत भरून येते, कापलेला तंतू मात्र आपोआप जुळेलच असे नाही. भुलीमुळे काही तास आलेला लुळेपणा यांपैकी कशातही मोडत नाही. धमनीसोबत जाणारा संवेदनेचा तंतू दुखावल्यास कानशिलाला बधिरता येते. हे सारे संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी रुग्णाला त्याच्या भाषेत सांगणे हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे.

आता धमनीभोवती काळे वलय दाखवणाऱ्या सोनोग्राफीने अनेकदा तुकडा न काढताही निदान होते, तरीही धमनी आणि मज्जातंतू असलेला हा थर ओळखण्याची गरज संपत नाही, कारण मुंबई-पुणे रस्त्यावरच्या अपघातात कानशील फाटून आलेला प्रत्येक जखमी याच मज्जातंतूचा प्रश्न घेऊन येतो. चीर असो वा टाके, भुलीची सुई टोचण्यापूर्वी रुग्णाला दोन्ही भुवया उंचावायला सांगावे आणि जे दिसेल ते केसपेपरवर लिहून ठेवावे, एवढी विनंती खालापूर आणि कर्जत या दोन तालुक्यांतील प्रत्येक सहकाऱ्याला आहे.