संगणकावरील दुकान : एका बुडालेल्या धंद्याचा हिशेब
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



अशा व्यासपीठावरून यशाच्या कथा सांगण्याचा प्रघात आहे. चिटणीसांनी आम्हांस अपयशाविषयी बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही आनंदाने नव्हे, पण कर्तव्य म्हणून शिरोधार्य मानली आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून चालत आलेले आपले मठारकाम ओसरत चालले आहे, हे आपणां सर्वांस विदित आहेच. २०१८ साली शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्ही, आमचे मेहुणे व आमचा पुतण्या अशा तिघांनी ठरविले की, आळीतील भांडी संकेतस्थळ उघडून थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवावीत. आम्ही निवृत्तीच्या रकमेतून, मेहुण्यांनी ठेव मोडून आणि पुतण्याने पगारातून प्रत्येकी दोन लाख रुपये घातले. कर्ज काढावयाचे नाही, परक्याचा पैसा घ्यावयाचा नाही, याचा आम्हांस मोठा अभिमान वाटे. त्याच अभिमानाने घात केला. कर्ज नव्हते म्हणून सावकार दारी आला नाही. परंतु सावकार नव्हता म्हणून 'आता पुरे करा' असे म्हणणारेही कोणी उरले नाही. दर दिवाळीस आम्ही आणखी थोडे थोडे घालीत गेलो, आणि सहा लाखांचे नऊ लाख चाळीस हजार झाले. किती रक्कम गेल्यावर थांबावयाचे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवले असते तर मेहुण्यांच्या दुसऱ्या ठेवीला हात लागला नसता.

आता हशिलाचे पाहा. कुरियरवाले केवळ वजन पाहत नाहीत. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करतात, त्यास पाच हजारांनी भागतात, आणि येणारा आकडा खऱ्या वजनाहून मोठा असेल तर त्यावर आकार घेतात. आमचा हंडा साडेतीन किलोचा. पण ४० सेंटिमीटरच्या चौरस पेटीत तो १२.८ किलोचा ठरे. हंड्यातील रिकाम्या हवेचे भाडे आम्ही भरीत होतो! छत्तीस वर्षे मुलांना घनफळ आणि नफातोटा शिकविणाऱ्या माणसास हे माल पाठविल्यावर कळावे, याची आम्हांस आजही लाज वाटते. शिवाय माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सवलत ठेवलेली. गिऱ्हाइकाने दारातूनच पेटी परत पाठविली की जाण्याचे आणि येण्याचे, दोन्ही हशील आमच्या माथी. वाटेत पोचा आला तर तो वेगळाच.

याहून मोठी चूक जाहिरातीची. संकेतस्थळास आज किती जणांनी भेट दिली, हे पुतण्या रोज रात्री मोठ्या उत्साहाने सांगे, व आम्ही ऐकून सुखावत असू. एक तांब्या विकण्यास जाहिरातीचे सहाशे चाळीस रुपये पडत, आणि त्यावर सुटत तीनशे दहा. गिऱ्हाईक पुनःपुन्हा आले असते तर ही तूट भरून निघती. पण तांब्याचे भांडे एकदा घेतले की पिढ्या काढते. आमच्या मातोश्रींचा बंब अद्याप घरी आहे. पहिल्या वर्षीच्या चारशे बारा गिऱ्हाइकांपैकी एकोणीस जण पुन्हा आले. त्यांतले अकरा आपले सोयरेच होते!

२०२० च्या टाळेबंदीने धंदा बुडविला, असे आम्ही काही दिवस सर्वांस सांगत होतो. ते खरे नाही. त्या वर्षी मार्चमध्ये कुरियर बंद पडले, त्यापूर्वीच आमची वही बुडालेली होती.

एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या उन्हाळ्यासाठी म्हणून आम्ही आळीतील एका वृद्ध कारागिरांस साठ हंडे घडविण्यास सांगितले होते. त्यांनी पत्रा उधारीवर आणून काम पुरे केले. आमच्यापाशी द्यावयास पैसे नव्हते. ती बाकी फेडण्यास आम्हांस चौदा महिने लागले, आणि त्या अवधीत त्यांनी एकदाही तगादा लावला नाही. रस्त्यात भेटले की ते आमच्या प्रकृतीची विचारपूस करीत. आम्ही मात्र पुढे पुढे त्या गल्लीने जाणेच टाळू लागलो. आमची ठेव गेली तो आमचा प्रश्न होता. त्यांचा पत्रा अडकविण्याचा आम्हांस काही अधिकार नव्हता.

२०२१ च्या मार्चमध्ये आम्ही दुकान बंद केले. जमाखर्चाच्या दोन्ही वह्या संघाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत. आपल्यातील जे तरुण असा उद्योग आरंभू पाहत असतील, त्यांनी त्या अवश्य चाळाव्यात. आकडे झाकलेले नाहीत. अकरा हंडे अद्याप आमच्या माळ्यावर आहेत, कोणास हवे असल्यास समक्ष येऊन न्यावेत.