दोन विकला आणि एक सहस्रांश सेकंद

१९५७ सालच्या ४ ऑक्टोबरला स्पुतनिक वर गेला, तेव्हा उपग्रहाचे संदेश टिपण्यासाठी अमेरिकेने उभारलेली ‘मिनिट्रॅक’ ही रेडिओ यंत्रणा १०८ मेगाहर्ट्झवर कान लावून बसली होती. स्पुतनिक बोलत होता २० आणि ४० मेगाहर्ट्झवर. घरोघरचे हौशी रेडिओवाले त्याची ‘बीप-बीप’ मजेत ऐकत होते आणि सरकारी यंत्रणेत मात्र घाईघाईने फेरफार चालले होते. पुढे तीनेक आठवड्यांत स्पुतनिकच्या बॅटऱ्या संपल्या आणि तो मुका झाला. तरीही ४ जानेवारी १९५८ला वातावरणात जळून जाईपर्यंत तो पृथ्वीभोवती फिरतच होता. मुक्या उपग्रहाचा माग काढायचा तर डोळ्यांनीच. आजचे व्याख्यान त्या डोळ्यांविषयी आहे. त्यांतले काही माणसांचे होते, काही काचेचे.

या डोळ्यांची तयारी दोन वर्षे आधीपासून सुरू होती आणि तिच्यामागे होते फ्रेड व्हिपल. धूमकेतूचे केंद्र म्हणजे मळकट बर्फाचा गोळा, हे मत १९५० साली मांडणारे तेच हे खगोलशास्त्रज्ञ. १९५५ साली स्मिथसोनियन संस्थेची वेधशाळा मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला हलली आणि व्हिपल तिचे संचालक झाले. आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष जुलै १९५७ ते डिसेंबर १९५८ असे ठरले होते आणि त्या काळात अमेरिका उपग्रह सोडणार हे जाहीर झाले होते. व्हिपल यांचा सगळा अनुभव उल्कांचा. दोन ठिकाणांहून एकाच उल्केचे फोटो घेऊन तिचा मार्ग काढण्यात त्यांची हयात गेलेली. उपग्रह म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी, जरा संथ चालीची उल्का, असे मानले की बरीचशी कामे त्यांना ओळखीचीच होती.

उपग्रहाला स्वतःचा उजेड नसतो. तो दिसतो सूर्याच्या प्रकाशात. पाहणाऱ्याभोवती अंधार हवा आणि वर उपग्रहावर ऊन हवे, म्हणजे सूर्यास्तानंतरचा आणि सूर्योदयापूर्वीचा तासदीड तास, एवढीच संधी. त्यातही तो कुठून उगवेल हे आधी कळायला हवे, कारण अचूक मोजणाऱ्या कॅमेऱ्याला आकाशाचा एक पट्टाच दिसतो. म्हणून व्हिपल यांनी काम दोन भागांत वाटले: शोधायचे माणसांनी, मोजायचे कॅमेऱ्यांनी.

शोधणाऱ्यांची मोहीम म्हणजे ‘मूनवॉच’. शाळकरी मुले, गृहिणी, दुकानदार, निवृत्त अभियंते, बँकेतले कारकून, कुणालाही मुभा. पुढे देशोदेशी मिळून अशी दोनशेहून अधिक पथके उभी राहिली. तज्ज्ञ मंडळींतल्या अनेकांना हा पोरखेळ वाटत होता. व्हिपल यांचा मात्र हौशी माणसावर विश्वास होता.

पथकाची मांडणी पाहण्याजोगी असे. मैदानात किंवा गच्चीवर एक उंच खांब, त्याला आडवी पट्टी. दक्षिणोत्तर रेषेत ओळीने टेबले, प्रत्येक टेबलावर एक छोटी दुर्बीण. ही दुर्बीण वर न पाहता खाली पाहून वापरायची. पुढे बसवलेला आरसा आकाश खाली आणून दाखवी, त्यामुळे मान अवघडत नसे. मोठेपणा जेमतेम पाच-साडेपाच पट, पण दिसणारे आकाश चांगले बारा अंश रुंद. शेजारच्या दोन दुर्बिणींची क्षेत्रे एकमेकांवर थोडी चढवलेली असत, म्हणजे याम्योत्तर वृत्तावर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत एक अखंड कुंपणच तयार होई. उपग्रह कुठूनही आला तरी हे कुंपण ओलांडल्याशिवाय त्याला जाता येत नसे. ज्याच्या दुर्बिणीत ठिपका खांबाच्या रेषेवर येई तो बटण दाबी. टेपरेकॉर्डरवर एकीकडे रेडिओवरचे वेळेचे ठोके नोंदले जात असत, त्यातच त्याचा आवाज उमटे. उपग्रह अजून अस्तित्वातच नसल्यामुळे सराव विमानांवर चाले.

ऑस्ट्रेलियात सिडनी आणि वूमेरा इथल्या पथकांनी ८ ऑक्टोबरला पहिली खात्रीची नोंद केली. दोन दिवसांनी अमेरिकेत कनेटिकटमधल्या न्यू हेवनची नोंद आली. मात्र जगभर लाखो लोकांनी ‘आम्ही स्पुतनिक पाहिला’ असे जे सांगितले, त्यांतल्या बहुतेकांनी स्पुतनिक पाहिलेला नव्हता. ५८ सेंटीमीटर व्यासाचा तो चकचकीत गोळा नुसत्या डोळ्यांना दिसण्याच्या काठावरचा होता. ठळक ताऱ्यासारखे जे सरकत होते, ते होते त्याच्या मागोमाग कक्षेत गेलेले अग्निबाणाचे पंचवीस मीटरहून लांब धूड. गंमत अशी की शास्त्रज्ञांनाही त्या धुडाचा फायदाच झाला. कक्षेचे पहिले गणित केंब्रिजमधल्या आयबीएम ७०४ संगणकावर मांडले गेले, त्यात या नजरेच्या नोंदी कामी आल्या.

दुसरा डोळा काचेचा. जेम्स बेकर यांनी त्याची भिंगे-आरसे आखले, जोसेफ नन यांनी यंत्राचा सांगाडा, म्हणून नाव बेकर-नन कॅमेरा. वजन तीन टनांच्या आसपास, पुढचे भिंग ५० सेंटीमीटरचे, आतला आरसा ७८ सेंटीमीटरचा. तीस अंश लांब, पाच अंश रुंद आकाश एका दमात फिल्मवर उतरे, आणि फिल्म कसली? त्या दिवसांत पडदा रुंद करण्याची चढाओढ लागलेल्या सिनेमाच्या धंद्यातली, ५५ मिलिमीटरची. पहिला कॅमेरा कॅलिफोर्नियातल्या साउथ पासाडेनात तयार होत होता, तेवढ्यात स्पुतनिक आला. तेव्हा यंत्र मुक्कामी पोचण्याची वाट न पाहता त्याच ऑक्टोबरात तिथूनच अग्निबाणाचा फोटो घेतला गेला.

कॅमेऱ्याचे मोठेपण सांगणारे सगळे त्याच्या काचेविषयी बोलतात. खरी करामत घड्याळाची होती. उपग्रह सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर धावतो. वेळ एका सेकंदाने चुकली तर जागा आठ किलोमीटरने चुकली, मग काच कितीही उत्तम असो. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याशेजारी एर्न्स्ट नॉर्मन यांनी बनवलेले स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ असे आणि ते रेडिओवरच्या प्रमाणवेळेशी रोज जुळवून घ्यावे लागे. फिल्मच्या प्रत्येक चौकटीत ताऱ्यांच्या शेजारी त्या घड्याळाची प्रतिमाही उमटे. कॅमेऱ्यातला फिरता पडदा फिल्मवरच्या रेघा मधूनमधून तोडी. त्या तुटक्या जागांची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वाचता येई. आता हिशेब बघा. सेकंदाचा हजारावा भाग म्हणजे उपग्रहाच्या वाटेवर सुमारे आठ मीटर. फिल्मवरून दिशा मोजता येई ती दोन विकलांपर्यंत, म्हणजे हजार किलोमीटर अंतरावर सुमारे दहा मीटर. घड्याळ आणि भिंग यांच्या चुका एकाच मापाच्या! दोघांपैकी एकाला विनाकारण महाग करण्यात अर्थ नव्हता, हे आखणाऱ्यांना नेमके कळले होते.

एका फोटोमागची रात्र कशी जाई? केंब्रिजहून तारेने भाकीत येई: अमुक वेळी, अमुक दिशेला, अमुक वेगाने. निरीक्षक त्या वेगाने कॅमेरा वळत ठेवी. अंदाज बरोबर असेल तर उपग्रहाचा ठिपका होई आणि ताऱ्यांच्या रेघा. नसेल तर नुसत्या रेघांचे जाळे आणि थंडीत काकडलेली माणसे. मग अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायची, ओली असतानाच नकाशाशी ताडून ढोबळ जागा काढायची, ती तारेने कळवायची, आणि फिल्म विमानाने केंब्रिजला पाठवायची. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली तिची पुन्हा मोजणी होई.

असे बारा कॅमेरे जगभर बसवले गेले: न्यू मेक्सिकोतले ऑर्गन पास, फ्लोरिडातले ज्युपिटर, हवाईतला हालेआकाला, कॅरिबियनमधले कुरासाव, पेरूतले अरेकिपा, अर्जेंटिनातले विया दोलोरेस, स्पेनमधले सान फर्नांदो, दक्षिण आफ्रिकेतले ऑलिफंट्सफाँटाइन, इराणमधले शिराझ, ऑस्ट्रेलियातले वूमेरा, जपानमधले मिताका, आणि आपले नैनीताल. या केंद्रांचा कारभार कार्ल हेनिझ यांच्याकडे होता. हे गृहस्थ पुढे स्वतः अंतराळवीर झाले आणि १९८५ साली चॅलेंजर यानातून पृथ्वीभोवती फिरून आले. वेधमोहिमेचे प्रमुख ॲलन हायनेक यांना जग ओळखते ते मात्र उडत्या तबकड्यांच्या चौकशीमुळे.

नैनीतालची निवड नकाशा पाहिला की पटते. शिराझ आणि मिताका यांच्यामधला हजारो किलोमीटरचा पट्टा उघडा पडला होता. उत्तर प्रदेश राज्य वेधशाळा तेव्हा अगदी नवी, १९५४ साली वाराणसीत सुरू झालेली आणि पुढच्याच वर्षी डोंगरावर हललेली. तिचे प्रमुख होते वेणू बाप्पू. हार्वर्डमध्ये शिकत असताना १९४९ साली त्यांनी धूमकेतू शोधला होता, त्याला बाप्पू, बॉक आणि न्यूकर्क अशी तिघांची नावे आहेत. हार्वर्डमध्ये व्हिपलही होते आणि धूमकेतू हा त्यांचाच प्रांत. १९५८ साली कॅमेरा नैनीतालला बसला. पावसाळ्याचे महिने वाया जात, हे खरे. पण हिवाळ्यातल्या स्वच्छ रात्रींच्या जोरावर तिथल्या भारतीय निरीक्षकांनी १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत उपग्रहांची पंचेचाळीस हजारांहून अधिक भ्रमणे टिपली. नवख्या वेधशाळेकडून एवढ्या चिकाटीची अपेक्षा कुणी केली असेल असे वाटत नाही.

आणि एवढे फोटो घेऊन मिळाले काय? पुष्कळ मिळाले, आणि तेही अनपेक्षित जागी. लुइजी याकिया स्मिथसोनियनमध्ये उपग्रहांच्या कक्षा कशा आक्रसतात हे तपासत होते. आक्रसण्याची गती एकसारखी नव्हती, सुमारे २७ दिवसांच्या अंतराने कमीजास्त होत होती. सूर्य स्वतःभोवती फिरायला लागणारा काळही तेवढाच. म्हणजे शेकडो किलोमीटर उंचीवरची विरळ हवा सूर्याच्या लहरीप्रमाणे फुगते आणि बसते. आज एखादा उपग्रह कधी कोसळेल याचा अंदाज बांधताना सूर्याची स्थिती विचारात घ्यावी लागते, त्याची सुरुवात इथे झाली.

दुसरा लाभ पृथ्वीच्या मापाचा. जमिनीवरची पाहणी समुद्रकाठी थांबते. आपल्याकडची महान त्रिकोणमितीय पाहणीही कन्याकुमारीपर्यंत आली आणि थांबली. एका खंडाचा नकाशा दुसऱ्याशी जोडायचा तर शेकडो मीटरची तफावत निघे. दोन खंडांवरून एकच उपग्रह मोजला की ही दरी भरता येते. शिवाय पृथ्वी एकसारखी गोल नसल्यामुळे उपग्रहाची वाट किंचित हेलकावे खाते. त्या हेलकाव्यांवरून पृथ्वीचे उंचसखलपण काढता येते. १९६६ साली स्मिथसोनियनने ‘स्टँडर्ड अर्थ’ ही पृथ्वीच्या आकाराची प्रमाण प्रतिकृती प्रसिद्ध केली, तिचा मुख्य आधार हेच फोटो होते. भारताच्या दक्षिणेला, श्रीलंकेच्या आसपास, गुरुत्वाने ठरणारी समुद्रसपाटी सुमारे शंभर मीटर खचलेली आहे. जहाजांवरच्या मोजणीतून त्याची चाहूल आधी लागली होती, उपग्रहांनी खळग्याचा आवाका दाखवला.

तिसऱ्या लाभाशी तर दुर्बीणवाल्या मंडळींचा रोजचा संबंध आहे. फिल्मवरच्या उपग्रहाची जागा ताऱ्यांवरून काढायची, तर सगळ्या आकाशातल्या ताऱ्यांची एकाच पद्धतीची यादी हवी. ती नव्हती, म्हणून केली. १९६६ सालच्या त्या स्मिथसोनियन सूचीत २,५८,९९७ तारे आहेत. ताऱ्याच्या नावापुढे ‘एसएओ’ आणि क्रमांक दिसतो, तो हाच.

मूनवॉचची माणसेही बेकार झाली नाहीत. ५ सप्टेंबर १९६२च्या पहाटे सोव्हिएत संघाचा स्पुतनिक ४ अमेरिकेवर कोसळला. मिलवॉकीचे मूनवॉच पथक तो पाहायला सज्ज होते आणि त्यांनी त्याचे जळते तुकडे मोजून नोंदले. त्याच सकाळी विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉक गावात दोन पोलिसांना भररस्त्यात रुतलेला धातूचा तुकडा दिसला. त्यांना तो कुठल्यातरी ओतकामाच्या कारखान्याचा कचरा वाटला. वजन नऊ किलोच्या वर. नंतर तो तपासून रशियनांच्या हवाली करण्यात आला. तो पडला त्या जागी आज रस्त्यात पितळी कडे बसवलेले आहे.

सोव्हिएत संघातही चित्र फार वेगळे नव्हते, हे इथे सांगायला हवे. अल्ला मासेविच यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यापीठांत विद्यार्थी लहान दुर्बिणी घेऊन असेच ओळीने बसत होते. पुढे रिगा इथे बनलेले एएफयू-७५ हे कॅमेरे मित्रदेशांत गेले. त्यांतला एक १९७०च्या दशकात तमिळनाडूतल्या कावलूरला आला. तिथली वेधशाळाही बाप्पूंनीच उभारलेली. शीतयुद्धातल्या दोन्ही पक्षांच्या कॅमेऱ्यांना जागा देणारा आपला देश, असे म्हटले तर ते अलिप्ततेच्या कुठल्याही भाषणापेक्षा जास्त ठोस आहे.

१९६४ साली उपग्रहावर लेसर किरण टाकून परतीची वेळ मोजण्यात यश आले आणि फिल्मचे दिवस भरले. मूनवॉच १९७५ साली बंद झाली. १९५८ साली सोडलेला, क्रुश्चेव्हनी ‘पपनस’ म्हणून हिणवलेला दीड किलोचा व्हॅनगार्ड १ अजून कक्षेत आहे. त्याला टिपणारे बहुतेक कॅमेरे मात्र मोडीत निघाले. नैनीतालच्या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी इलेक्ट्रॉनिक संवेदक बसवून त्याला नवे आयुष्य देण्याचा प्रयत्न तिथल्या संस्थेने केला.

अमेरिकेत या मोहिमेवर ग्रंथ लिहिले गेले. नैनीतालच्या रात्रींवर मराठी वाचकाला हाती धरता येईल असे पुस्तक नाही. त्या वेधशाळेत त्या वर्षांत काम केलेले कुणी तुमच्या ओळखीत, नात्यात असतील, तर त्यांच्या आठवणी, वह्या, छायाचित्रे आताच मागून घ्या. आणि श्रोत्यांत कुणी इतिहासाचा संशोधक विद्यार्थी असेल, तर त्याने हा विषय जरूर घ्यावा.