काडतुसांची टंचाई आणि एक 'फुस्स'

मागच्या भागात मी सहज बोलून गेलो की टेक्सासमध्ये मी घरच्या घरी काडतुसं भरतो, आणि त्यावर तुमचे इतके मेसेज आले की म्हटलं, आज तेच सांगू. आधीच एक गोष्ट स्पष्ट करतो, भारतात हे लायसन्सशिवाय करणं गुन्हा आहे. शस्त्र अधिनियम १९५९, सरळ तुरुंग. त्यामुळे हे ऐकून कुणी काही करायला जाऊ नका. इकडे स्वतःच्या वापरापुरती भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, विकायची असतील तर लागतं. आणि हो, व्हिसावर होतो तोवर मी बंदुकीच्या वाटेला गेलो नव्हतो. तिथे नियम वेगळे आहेत. ग्रीन कार्ड आल्यावरच रेंजवर जायला लागलो.

तर काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर संपतो. पुंगळी तेवढी खाली पडते आणि ती पुन्हा पुन्हा वापरता येते. म्हणून रेंजवर आमच्यासारखे लोक वाकून पुंगळ्या वेचताना दिसतात, लग्नानंतर हॉलमध्ये नारळ गोळा करणाऱ्या मावश्यांसारखे.

एका कोल्हापूरकर श्रोत्याने विचारलंय, स्वप्नील कुसाळेची काडतुसं पण अशी भरता येतात का? नाही. पॅरिसला त्याने ज्या प्रकारात ब्राँझ मिळवलं त्यात पॉइंट २२ वापरतात. त्यात वेगळा प्रायमर नसतोच, तो मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो. एकदा ती कड चेपली की संपलं. मी बोलतोय ते नाइन एमएमबद्दल.

आता टंचाई. २०२० आठवा. कोविड, मग रस्त्यावरची आंदोलनं, मग निवडणूक. लोक घाबरले आणि बंदुका घ्यायला धावले. एफबीआयकडे होणाऱ्या बॅकग्राउंड चेकचा आकडा २०१९ मध्ये साधारण २ कोटी ८४ लाख होता, २०२० मध्ये तो ३ कोटी ९७ लाखांच्या घरात गेला. एक चेक म्हणजे एक बंदूक असं नसतं, पण अंदाज येतो. त्यातच जुलैमध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत गेली. अमेरिकेत प्रायमर बनवणारी मोठी नावं चारच, सीसीआय, फेडरल, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. आणि या कंपन्या स्वतःची तयार काडतुसंही विकतात. मग कमी पडलेला प्रायमर त्या आधी कुठे घालणार? स्वतःच्याच मालात. आमच्यापर्यंत उरलं तर येणार.

टंचाईआधी हजार प्रायमर तीस-पस्तीस डॉलरला मिळायचे. २०२१ मध्ये ऑनलाइन लिलावात लोक त्याला दोनशे आणि वर मोजत होते. दारूचीही तीच गत. मी एकदा आईला फोनवर म्हणालो, "अगं दारू मिळेना झालीये, चार दुकानं फिरलो." पलीकडे दोन सेकंद शांतता. मग, "सूनबाईला फोन दे." असो.

माझी नेहमीची दारू बारीक, मोहरीपेक्षाही बारीक गोल दाण्यांची. ती काही महिने कुठेच नव्हती. मग एका दुकानात दुसऱ्या जातीचा एक डबा मिळाला, तोही 'माणशी एकच' अशी पाटी लावून. ही दारू चपट्या पापुद्र्यांची. मी काही अंदाजपंचे केलं नाही. पुस्तक उघडलं, माझ्या गोळीसाठी तिचं माप दिलेलं होतं, खालच्या टोकापासून सुरुवात केली, थोडी काडतुसं उडवून बघितली. सगळं ठीक.

चूक झाली ती वेगळीकडेच. दारू मोजायला एक यंत्र असतं. वर नळकांडं, खाली मूठ. मूठ वरखाली केली की एक माप पुंगळीत पडतं. बारीक दाणे त्यातून पाण्यासारखे वाहतात. पापुद्रे मात्र कधीकधी तोंडाशी एकमेकांत अडकतात, घरात मीठदाणीच्या भोकाशी मीठ अडकतं ना, तसे. मग एका पुंगळीत काहीच पडत नाही आणि अडकलेला गठ्ठा पुढच्या पुंगळीत पडतो. नाइन एमएमच्या पुंगळीत या दारूचं माप इतकं कमी लागतं, की दुप्पट पडली तरी ती मावते. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही.

म्हणूनच पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून, गोळी बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून बघायचं असतं. मी नेहमी बघायचो. त्या रात्री अडीचशे भरली, सकाळी मॅच होती, साडेबारा वाजून गेले होते. नाही बघितलं. सकाळी निघताना त्यातली पन्नास मित्राला दिली. तो साताऱ्याचा, नुकताच शिकत होता, त्याला दुकानात एक डबा मिळत नव्हता. मला वाटलं मी काय मोठा दानशूर.

मॅचमध्ये एकसष्टावा बार. 'ठो' ऐवजी 'फुस्स'. हाताला धक्काच नाही. स्पर्धेच्या नादात पुढचा बार काढायला हात सरसावलाच होता, तेवढ्यात मागून रेंज ऑफिसर ओरडले, "स्टॉप!" सत्तरीचे गृहस्थ, आवाज मात्र लष्करी. त्यांनी पिस्तूल रिकामं करून नळीत दांडी घातली. गोळी मध्येच अडकलेली. दारू नव्हतीच, नुसत्या प्रायमरने तिला तेवढं ढकललं होतं. मी पुढचा बार काढला असता तर दुसरी गोळी तिच्यावर आदळून नळी फाटू शकली असती, माझ्या हातात.

ते म्हणाले, "एक रिकामं निघालं. मग तिची दारू कुठे गेली?"

माझ्या पोटात गोळा आला. मित्राला फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. चौथ्यांदा उचलला. "अरे बोल की, गाडी पार्क करतोय, रेंजवर आलोय."

"ती काडतुसं उडवू नकोस. एकही नको. मी येतोय."

"काय झालं? खराब आहेत का?"

"माहीत नाही. म्हणूनच नको."

त्या संध्याकाळी माझी एकशे एकोणचाळीस आणि त्याची पन्नास घेऊन आम्ही गॅरेजमध्ये बसलो. वजन करून ओळखता येतील असं वाटेल तुम्हाला. नाही येत. पुंगळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातला फरकच दारूच्या मापापेक्षा जास्त असू शकतो. मग त्यासाठी एक पोकळ हातोडा असतो, त्यात काडतूस उलटं अडकवून फरशीवर आपटायचं, गोळी सुटून बाहेर येते. एकशे एकोणनव्वद वेळा ठक ठक. बायकोने दोनदा येऊन बघितलं, काही बोलली नाही. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

माझ्यातली सगळी बरोबर निघाली. त्याच्या डब्यातलं एक, तिसऱ्या ओळीतलं, उघडलं आणि दारू काट्यावर ओतली. जवळजवळ दुप्पट.

तो काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हे मी आज उडवणार होतो."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार.

पुंगळ्या, प्रायमर, दारू, सगळं परत वापरता आलं, त्या दिवसांत तेही कमी नव्हतं. पापुद्र्यांची दारू मात्र आता मी यंत्रातून काढत नाही, एकेक माप काट्यावर तोलतो. पन्नासाला पाऊण तास जातो. टॉर्च ठोकळ्याला दोरीने बांधून ठेवलाय. मित्र अजून शूटिंग करतो, पण काडतुसं दुकानातलीच घेतो. मी द्यायला गेलो तर हसून नको म्हणतो. आणि मीही आता कुणाला देत नाही.