माळव्याची अफू आणि जगाचे कायदे

माघ महिन्यात नीमच-मंदसौरच्या बाजूने प्रवास करणाऱ्यास रस्त्याच्या दुतर्फा शुभ्र फुलांची शेते दृष्टीस पडतात. ती खसखशीची शेते होत. पाकळ्या गळून बोंडे भरली, की शेतकरी दुपार कलल्यावर बारीक दातांच्या हत्याराने त्यांना उभे चिरे देतो आणि रात्रभर पाझरलेला चीक पहाटे ऊन चढण्यापूर्वी खरवडून घेतो. हा चीक म्हणजेच अफू. मात्र शेत त्याचे, कष्ट त्याचे, असे असूनही त्या चिकावर त्याची मालकी नसते. किती आरी जमिनीत पेरावे हे सरकारी पट्ट्यात लिहिलेले असते. रोजच्या चिकाची नोंद गावचा लंबरदार ठेवतो. हंगामाअखेर सगळा माल सरकारी काट्यावर घालावा लागतो आणि ठरल्याहून कमी भरला, तर पुढल्या वर्षीचा पट्टा जातो. या व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचे मुख्यालय ग्वाल्हेरीस आहे. पण ज्या विचारांतून ही व्यवस्था जन्मली, ते विचार ग्वाल्हेरीत झाले नाहीत, दिल्लीतही पुरतेपणी झाले नाहीत. ते शांघाय, हेग, न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथे झाले.

एके काळी याच अफूवर साम्राज्याचा डोलारा उभा होता. बिहार-बनारसकडील अफू कंपनी सरकारच्या मक्त्याची होती, परंतु माळवा शिंदे-होळकरादी संस्थानिकांचा. तेथे कंपनीचा हुकूम चालेना. व्यापारी आपल्या पेट्या राजपुतान्यातून कराचीस व तेथून पोर्तुगीजांच्या दमणला नेत आणि चीनकडे रवाना करीत. पुष्कळ आटापिटा करूनही ही वाट बंद होईना, तेव्हा 1831 च्या सुमारास कंपनीने शहाणपणाचा मार्ग पत्करला. पेटीमागे 175 रुपये भरा, इंदुरास परवाना घ्या आणि माल उजळ माथ्याने मुंबईस न्या! 1843 मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाट आपोआप बुजली आणि परवान्याचा दर टप्प्याटप्प्याने चढत गेला. मुंबईतील कित्येक दानशूर घराण्यांच्या संपत्तीचा उगम याच पेट्यांत आहे. त्या धोरणास नीतीचा काही संबंध नव्हता. तो निव्वळ महसुलाचा प्रश्न होता.

नीतीचा प्रश्न पुढे आला तो विसाव्या शतकाच्या आरंभी. 1907 मध्ये ब्रिटनने चीनशी दहा वर्षांत निर्यात संपविण्याचा करार केला. 1909 मध्ये शांघाय येथे तेरा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले. अध्यक्षस्थानी होते फिलिपाइन्समधील अमेरिकन बिशप चार्ल्स ब्रेंट. बिशपमहाशयांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तथापि अमेरिकेला त्या सुमारास चीनची मैत्री व तेथील बाजारपेठ हवी होती, हेही विसरता येत नाही. 1912 मध्ये हेगचा करार झाला आणि महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात त्याचे कलम गोवण्यात आले. जे राष्ट्र तहावर सही करील, त्याने अफूच्या करारावरही सही केली असे मानले जावे, अशी ती योजना होती. पुढे 1926 मध्ये हिंदुस्थान सरकारने औषधाखेरीज इतर कामांसाठी होणारी निर्यात दरसाल कमी करीत 1935 अखेर बंद करण्याचे ठरविले. या सर्व विचारविनिमयात माळव्यातील कुणब्याला कोणी काही विचारल्याचे दिसत नाही.

स्वातंत्र्यानंतर भारत उत्पादक राष्ट्रांच्या पंक्तीत बसला. 1953 च्या न्यूयॉर्क करारान्वये निर्यातीसाठी अफू पिकविण्याचा अधिकार ज्या सातच देशांना मिळाला, त्यांत भारत होता. 1961 च्या एकत्रित कराराने मागील बहुतेक करार एका छत्राखाली आणले. त्या कराराच्या आरंभी दोन गोष्टी मान्य केलेल्या आहेत. वेदना शमविण्यासाठी ही द्रव्ये अपरिहार्य आहेत, ही एक आणि व्यसन हे मानवजातीवरील संकट आहे, ही दुसरी. दोन्ही खऱ्याच. पण दुसरीसाठी कलमे, तपासणी, शिक्षा, आंतरराष्ट्रीय मंडळ असा मोठा पसारा उभा राहिला. पहिलीच्या वाट्याला त्या मानाने फारसे काही आले नाही.

एका देशातील बंदीने दुसऱ्या देशातील शेते कशी हलतात, याचा दाखला तुर्कस्थानने दिला. अमेरिकेत हेरॉइनचा सुळसुळाट झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारने तुर्कस्थानवर दडपण आणले आणि 1971 मध्ये तेथील सरकारने खसखशीची शेती बंद करण्याचे जाहीर केले. भरपाई म्हणून साडेतीन कोटी डॉलर देऊ केले गेले. परिणाम काय झाला? हेरॉइन मेक्सिकोतून येऊ लागले आणि औषधांच्या कारखान्यांना मात्र कच्चा माल अपुरा पडला. मग भारताला लागवड वाढविण्याची विनंती झाली! भारताने ती वाढविली. इकडे 1974 मध्ये तुर्कस्थानच्या नव्या सरकारने बंदी उठविली. बोंडांना चिरा न देता ती सुकी काढ्यासह कारखान्यात न्यायची पद्धत तेथे सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटानेही त्याच पद्धतीने बाजारात पाय रोवले होते. भारताच्या गोदामांत अफूचे ढीग साचले. 1981 मध्ये अमेरिकेने नियम केला, की आपल्या कारखान्यांनी कच्च्या मालाचा ऐंशी टक्के भाग भारत व तुर्कस्थान यांजकडूनच घ्यावा. येणेप्रमाणे माळव्यातील शेतकऱ्याचे पीक वॉशिंग्टनच्या एका नियमाच्या आधाराने उभे राहिले.

आता या कथेतील सर्वांत दुःखद भागाकडे वळू.

1985 मध्ये भारताने अमली द्रव्यांसंबंधीचा नवा कठोर अधिनियम केला. देशाच्या एका बाजूस अफगाणिस्तान, दुसरीकडे ब्रह्मदेश. तस्करीचा मार्ग आपल्या भूमीवरून जात होता, आणि आंतरराष्ट्रीय करारांचे बंधनही होते. तेव्हा कायदा हवा होता यात वाद नाही. परंतु त्यात निदान दहा वर्षांच्या सक्तमजुरीची तरतूद झाली आणि 2001 ची दुरुस्ती होईपर्यंत द्रव्य किती सापडले याचा शिक्षेच्या प्रमाणाशी मेळच नव्हता. औषधविक्रेत्याच्या नोंदवहीतील चूक आणि तस्कराचा गुन्हा यांतील अंतर कोण ओळखणार, ही भीती सर्वत्र पसरली. इस्पितळाला मॉर्फिन ठेवायचे, तर चार-पाच निरनिराळे परवाने एकाच वेळी चालू असावे लागत. एक हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपलेली असे. दुकानदारांनी औषध ठेवणेच सोडले आणि डॉक्टरांनी लिहून देणे सोडले. 1985 ते 1997 या बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा औषधी वापर सुमारे 97 टक्क्यांनी घटून अवघ्या 18 किलोंवर आला. एवढ्या अफाट देशाला वर्षाकाठी 18 किलो!

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावयास हवा. मॉर्फिन हे अफूतूनच निघते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्टुर्नर नावाच्या जर्मन औषधकाराने ते वेगळे काढले. कर्करोग हाडांत उतरला म्हणजे जी वेदना होते, तिच्यावर साध्या गोळ्यांचा इलाज चालत नाही. मॉर्फिनच्या गोळीने रोगी बरा होत नसला, तरी झोपू शकतो, घरच्यांशी दोन शब्द बोलू शकतो. ही गोळी महागही नाही. आणि जगाला कायदेशीर अफू निर्यात करणाऱ्या या देशात तीच मिळेनाशी झाली. ज्या जिल्ह्यात चीक गोळा होतो, तेथील म्हाताऱ्यालाही ती मिळण्याची शाश्वती नव्हती. त्याच्या मुलाने काट्यावर घातलेला माल परदेशी जाऊन तेथल्या रुग्णाची रात्र सुखाची करी.

केरळात डॉक्टर एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये कोझिकोड येथे वेदनाशमनाची संस्था काढली. गोळ्या घरी दिल्या तरी त्या चोरवाटेने जात नाहीत, हे त्यांनी वर्षानुवर्षांच्या नोंदींनी दाखवून दिले. 1998 मध्ये केंद्राने राज्यांना नियम सोपे करण्यास सांगितले. काहींनी केले, पुष्कळांनी फाईल बाजूस ठेवली. अखेर 2014 मध्ये संसदेने अधिनियमात दुरुस्ती केली व आवश्यक वेदनाशामकांसाठी अनेक परवान्यांऐवजी एकाच मान्यतेची सोय केली.

भीती सर्वस्वी निराधार होती, असे मात्र म्हणता येणार नाही. 1996 पासून अमेरिकेत ऑक्सिकोडोनच्या गोळ्यांचा जो अतोनात प्रचार औषध कंपनीने केला, त्यातून लाखो लोक व्यसनाधीन झाले. ऑक्सिकोडोनही खसखशीच्याच बोंडातील द्रव्यापासून होते. पण तेथील अतिरेकाचे उत्तर येथील दुष्काळ हे कसे होईल? 2017 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशेब मांडला. जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या सुमारे 298 टन अफूजन्य वेदनाशामकांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला जेमतेम एकदशांश टन येते.

माळव्यातही आता बदल होत आहे. गेल्या काही वर्षांत अनेक शेतकऱ्यांना बोंडे न चिरता तशीच सरकारास देण्याचे पट्टे मिळू लागले आहेत. पहाटेचे ते खरवडणे त्यांच्या शेतांतून थांबले आहे. इस्पितळांतील अडचण मात्र निराळी आहे. ज्या वर्षांत मॉर्फिन दिसतच नव्हते, त्या वर्षांत शिकलेले डॉक्टर आज वरिष्ठ पदांवर आहेत. मान्यता भिंतीवर लागली, कपाटात गोळ्या आल्या, तरी ती गोळी किती द्यावी आणि केव्हा वाढवावी, हे त्यांच्यापैकी अनेकांना कोणी शिकविलेलेच नाही.