चिमुकला संगणक आणि आभासी चलनाचे खनन



बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील दोन तालुके. नीरा, भीमा आणि कऱ्हा या नद्यांचा हा परिसर. नीरा डाव्या कालव्याचे पाणी, उजनी जलाशयाचा फुगवटा, सहकारी साखर कारखाने, दुग्धव्यवसाय, वालचंदनगरचा यंत्रोद्योग आणि बारामतीतील शिक्षणसंस्था यांमुळे येथील जनतेला यंत्राची ओळख जुनी आहे. नवे यंत्र पाहावे, ते वापरून पाहावे आणि त्याचा जमाखर्च मांडून मगच ते स्वीकारावे, ही या भागाची रीत होय. आभासी चलनाच्या तथाकथित घरगुती खननाला हीच रीत लावून पाहणे, हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

तळहातावर मावेल एवढा, एकाच फलकावर बसविलेला, काही हजार रुपयांचा संगणक विकत घ्यावा, तो घरातील विजेवर रात्रंदिवस चालू ठेवावा आणि घरबसल्या बिटकॉइन मिळवावे, ही कल्पना अनेक तरुणांना मोह घालते. शेतीचे उत्पन्न बेभरवशाचे आणि नोकऱ्या मोजक्या, अशा परिस्थितीत हा मोह स्वाभाविक आहे. म्हणूनच त्याची टवाळी न करता तो तपासून पाहणे आवश्यक ठरते.

खनन म्हणजे काय?

गावातील जमिनीची खरेदी झाली की तलाठी फेरफाराची नोंद घेतो आणि मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. नोंदवही एका कार्यालयात असते आणि तिच्यावर शासनाचा अधिकार चालतो. ऑक्टोबर २००८ मध्ये सातोशी नाकामोटो या टोपणनावाने एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात अशी वही मांडली होती, की जिला तलाठीही नाही आणि मंडल अधिकारीही नाही. जगभरातील हजारो संगणकांवर तिची एकसारखी प्रत असते. जानेवारी २००९ मध्ये या वहीचे पहिले पृष्ठ लिहिले गेले. हेच बिटकॉइन होय.

वहीत पुढचे पृष्ठ कोणी जोडावयाचे, हा प्रश्न एका स्पर्धेने सोडविला जातो. प्रत्येक पृष्ठातील मजकुरावर ठरावीक गणिती क्रिया केली असता एक लांबलचक संख्या निघते. तिला हॅश म्हणतात. माणसाच्या अंगठ्याचा ठसा असतो, तसा हा मजकुराचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा पूर्णपणे बदलतो. स्पर्धकाने मजकुराला निरनिराळे आकडे जोडून पाहावयाचे आणि ज्याच्या ठशाच्या आरंभी पुरेशी शून्ये येतील त्याने पृष्ठ जोडून बक्षीस घ्यावयाचे, असा नियम आहे. यात बुद्धीचा भाग नाही. अंदाजामागून अंदाज करीत राहणे, एवढेच यंत्राचे काम. यालाच मायनिंग अथवा खनन असे नाव पडले आहे.

सरासरी दर दहा मिनिटांनी एक पृष्ठ जोडले जावे, अशी योजना आहे. बक्षीस आरंभी ५० नाण्यांचे होते. दर २,१०,००० पृष्ठांनंतर ते निम्मे होते आणि एप्रिल २०२४ मध्ये ते ३.१२५ नाण्यांवर आले. म्हणजे त्यानंतर साऱ्या जगात मिळून दिवसाला सुमारे ४५० नवी नाणी निघतात. यंत्रे वाढली म्हणून नाणी वाढत नाहीत. दर २,०१६ पृष्ठांनंतर, म्हणजे साधारणतः पंधरवड्याने, स्पर्धेची काठिण्यपातळी आपोआप बदलते. कालव्याचे आवर्तन तेवढेच राहावे आणि काठावरचे पंप मात्र वाढत जावेत, तसा हा प्रकार आहे. मोठ्या पंपांपुढे लहान पंपाला काय मिळणार, हे या भागातील शेतकऱ्याला निराळे सांगण्याची गरज नाही.

हिशेब काय सांगतो?

आरंभीच्या एक-दोन वर्षांत घरातील साध्या संगणकावर खनन होत असे, हे खरे आहे. पुढे चित्रांसाठी असलेल्या शक्तिमान चिप आल्या आणि २०१३ पासून केवळ याच कामासाठी घडविलेली यंत्रे बाजारात आली. त्याच सुमारास रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचे नाव खननाशी जोडले गेले. तथापि तेव्हाही त्याच्याकडे मुकादमाचेच काम होते. प्रत्यक्ष अंदाज करीत असत त्या त्याला जोडलेल्या खास चिप. ही बाब अनेकदा सांगितली जात नाही आणि गैरसमजाचे मूळ येथेच आहे.

आता आकडे पाहू. छोटा संगणक सेकंदाला एक कोटी अंदाज करतो, असे उदारपणे धरू. २०२४ साली बाजारात आलेले खास यंत्र सेकंदाला सुमारे २०० लाख कोटी अंदाज करते. म्हणजे एका खास यंत्राच्या बरोबरीला दोन कोटी छोटे संगणक लागतील. २०११ च्या जनगणनेनुसार पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९४ लाख होती. त्यातील आबालवृद्धांच्या हाती प्रत्येकी दोन फलक दिले तरी एका यंत्राची बरोबरी होणार नाही.

एप्रिल २०२४ च्या सुमारास जगातील सर्व यंत्रांची एकत्रित शक्ती सेकंदाला सुमारे ६०० एक्झाहॅश, म्हणजे ६ या आकड्यापुढे २० शून्ये, इतकी होती. या प्रमाणात छोट्या संगणकाने एकट्याने स्पर्धा केली, तर एक पृष्ठ जिंकण्यास सरासरीने शंभर कोटींहून अधिक वर्षे लागतील. अनेकांनी एकत्र येऊन बक्षीस श्रमाच्या प्रमाणात वाटून घेण्याची सोय आहे. तिचा लाभ घेतला, तर बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग, ज्याला सातोशी म्हणतात, तो एक मिळण्यास साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल. एका बिटकॉइनची किंमत ५० लाख रुपये धरली, तर एक सातोशी म्हणजे पाच पैसे. पाच वॅटचा संगणक तेवढ्या काळात सुमारे १६० युनिट वीज घेईल. आठ रुपये दराने तिचे सुमारे १,२८० रुपये होतील. नाण्याचा भाव दुप्पट झाला, संगणक दहापट वेगवान आला, तरी या हिशेबाचा निष्कर्ष बदलत नाही.

मग खास यंत्रच घ्यावे काय, असा प्रश्न पुढे येतो. असे यंत्र सुमारे ३,५०० वॅट वीज घेते. पाच अश्वशक्तीचा पंप चोवीस तास आणि तीनशे पासष्ट दिवस चालू ठेवावा, तसे ते आहे. दिवसाला ८४ युनिट, म्हणजे आठ रुपये दराने ६७२ रुपयांची वीज. वरील प्रमाणात त्याची कमाई दिवसाला सुमारे ७५० रुपये होते. वरवर पाहता ७८ रुपये शिल्लक दिसतात. परंतु करआकारणीचे नियम लक्षात घेतले की ही शिल्लक उरत नाही.

कायदा आणि कर

आभासी चलनाला भारतात कायदेशीर चलनाचा दर्जा नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये जनतेला प्रथम सावध केले. एप्रिल २०१८ मध्ये बँकांना अशा व्यवहारांस सेवा देण्यास मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई ४ मार्च २०२० रोजी रद्द ठरविली. त्यामुळे हे व्यवहार गुन्हा ठरत नाहीत, परंतु रुपयाप्रमाणे त्यांच्यामागे शासनाची हमीही नाही. १ एप्रिल २०२२ पासून या उत्पन्नावर ३० टक्के दराने कर लागू झाला. त्यातून केवळ संपादनाचा खर्च वजा होतो आणि तोटा दुसऱ्या उत्पन्नातून वळता करता येत नाही. खननासाठी उभारलेल्या साधनसामग्रीचा खर्च संपादनाचा खर्च मानला जाणार नाही, असे केंद्र शासनाने मार्च २०२२ मध्ये संसदेत स्पष्ट केले. म्हणजे वरील ७५० रुपयांची नाणी विकल्यावर २२५ रुपये कर जाईल, उरतील ५२५ आणि विजेचे देयक असेल ६७२ रुपयांचे. यंत्राची किंमत, त्याचा आवाज, उन्हाळ्यातील उष्णता आणि वीजपुरवठ्यातील खंड हे सारे वेगळेच.

येथे ग्रामपंचायत सदस्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. वीज स्वस्त मिळाली तर हा धंदा परवडेल, असा विचार काहींच्या मनात येऊ शकतो. राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना लागू करण्यात आली. ही वीज पिकासाठी आहे. ज्या प्रयोजनासाठी जोडणी दिली त्याहून अन्य कामासाठी वीज वापरणे हा विद्युत अधिनियम, २००३ अन्वये अनधिकृत वापर ठरतो. शाळेतील वा पंचायतीतील संगणक आणि वीज या कामी लावणे हाही सार्वजनिक मालमत्तेचा दुरुपयोगच होय.

फसवणुकीचा धडा

खननाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीची झळ पुण्याला बसलेली आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत लोकांकडून बिटकॉइन घेऊन, दूरच्या यंत्रांवर खनन करून अठरा महिने दरमहा दहा टक्के परतावा देण्याचे आश्वासन दिले गेले. परतावा थांबला आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रमुख आरोपीस अटक केली. सक्तवसुली संचालनालयाच्या म्हणण्याप्रमाणे प्रकरणातील रक्कम सुमारे ६,६०० कोटी रुपयांची आहे. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. या योजनेत पैसे घालणारे सर्वच अशिक्षित नव्हते. आवश्यक तो हिशेब कोणी मागितला नाही, हेच अशा योजनांचे बळ असते.

म्हणून असा प्रस्ताव घेऊन कोणी गावात आले, तर तीन प्रश्न विचारावेत. यंत्र दिवसाला किती युनिट वीज घेते? जगातील एकूण शक्तीत त्याचा वाटा किती? निश्चित परताव्याची हमी कोण देतो आणि कोणत्या कायद्याखाली? ज्या नाण्याचा भाव रोज बदलतो त्यावर दरमहा ठरावीक परतावा कोणीही देऊ शकत नाही, एवढे समजले तरी अनेक कुटुंबांची पुंजी वाचेल. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ कळवावे.

संगणकाचे खरे काम

तथापि या विवेचनाचा अर्थ छोटा संगणक निरुपयोगी आहे, असा नव्हे. ब्रिटनमधील एका शैक्षणिक संस्थेने रास्पबेरी पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आणला, तो मुलांना आज्ञावली लिहिण्यास शिकविण्यासाठी. नाणी खणणे हा त्याचा उद्देश नव्हता. त्याच्या फलकावर बाहेरील उपकरणे जोडण्यासाठी पिना असतात. तापमान, आर्द्रता आणि जमिनीतील ओलावा मोजणारे संवेदक त्यांना योग्य रीतीने जोडता येतात. रात्रंदिवस पाच वॅटवर चालणारे यंत्र ओलाव्याची नोंद ठेवू लागले, तर उसाला पाणी केव्हा द्यावयाचे याचा निर्णय अंदाजावर राहत नाही.

नोंदींचे हे महत्त्व बारामतीला ठाऊक आहे. अॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्राने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग हाती घेतला. हवामान केंद्र, जमिनीतील संवेदक आणि उपग्रहाची छायाचित्रे यांवरून शेतकऱ्यास पाणी, खत व रोग यांविषयी सल्ला देण्याची ही पद्धत आहे. राज्य मंत्रिमंडळानेही जून २०२५ मध्ये महाअॅग्री-एआय धोरण २०२५-२०२९ मंजूर केले. संगणकाची शक्ती पिकाच्या कामी लावली, तर तिचे मोल पाण्याच्या बचतीत आणि उताऱ्यात मोजता येते.

शिक्षकांना या विषयाचा आणखी एक उपयोग आहे. शून्यांनी सुरू होणारा ठसा शोधण्याची छोटी आज्ञावली विद्यार्थ्यांकडून लिहून घ्यावी. एक शून्य हवे असता किती प्रयत्न लागतात, दोन, तीन, चार शून्यांना किती, हे त्यांनी तक्त्यात मांडावे. संभाव्यता आणि घातांक यांचा याहून जिवंत पाठ क्वचितच मिळेल. सोबत विजेचा मापक जोडून खर्चही लिहावा. मात्र संगणकाचा मूळ परवलीचा शब्द प्रथम बदलावा. २०१७ मध्ये एका घातक आज्ञावलीने नेमका तो शब्द न बदललेल्या रास्पबेरी पाय संगणकांत शिरून, मालकाच्या नकळत, त्यांना खननाला जुंपले होते.

साखर कारखान्याच्या सभेत सभासद उसाच्या टनाटनाचा आणि उताऱ्याच्या दशांशाचा हिशेब मागतो. ग्रामसभेत नळपाणी योजनेच्या खर्चावर तासन्‌तास चर्चा होते. तीच दक्षता घरातील तरुणाने आणलेल्या नव्या योजनेबाबत दाखवावी. त्याला अडवू नये, त्याच्याबरोबर बसून आकडे मांडावेत. आकडे मांडल्यावर खननाचा नाद सुटेल, पण हाती आलेला संगणक आणि शिकण्याची हौस शिल्लक राहील. त्या हौसेला शाळेत, शेतात आणि पंचायतीच्या कारभारात काम मिळवून देणे, ही अधिकारी, शिक्षक आणि लोकप्रतिनिधी यांची संयुक्त जबाबदारी आहे.