होडीच्या यंत्रांतील ठिणगी

लहान होडीच्या मागील फळीस अडकवावयाचें पेट्रोलचें यंत्र ओले एव्हिनरूड यानें अमेरिकेंत मिलवॉकी येथें १९०९ सालीं बाजारांत आणलें. आज फोर-स्ट्रोक यंत्रें पुष्कळ झालीं, तरी जुनीं टू-स्ट्रोक यंत्रें अद्याप चालत आहेत, आणि त्यांचा जीव बोटाएवढ्या स्पार्क प्लगमध्यें असतो. ओहोटीच्या ओढींत ठिणगी थांबली, कीं होडी खोल पाण्याकडे निघालीच.

या यंत्रांत वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच मिसळलेलें असतें. तें सगळें जळत नाहीं. प्लग काढून त्याचें टोंक पाहावें. बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग म्हणजे प्रकृति उत्तम. कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, हवा कमी. टोंक ओलें, तेलकट असेल तर तेल अधिक पडलें किंवा ठिणगी दुबळी झाली. तासन्‌तास संथ गतीनें जाळें ओढणारांस हा अनुभव फार.

काळा प्लग पाहून मनुष्य घाबरतो व पांढराशुभ्र पाहून खूष होतो. श्रोते हो, खरें भय पांढऱ्याचेंच! बहुधा इंधन अपुरें पडून यंत्र अतिशय तापत असतें. टोंकास धातूचे बारीक कण चिकटले असतील, तर आंतील ॲल्युमिनियमचा दट्ट्याच वितळूं लागला असें समजावें. तेथें नवा प्लग घालून भागत नाहीं. पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटर आणि थंडाव्याचें पाणी तपासावें लागतें.

वाळूच्या झोतानें प्लग साफ करूं नये. राहिलेला कण सिलिंडरला चरे पाडतो. टोंकांतील फट पुस्तिकेंतील मापाप्रमाणें ठेवावी. पाना, वल्हीं व एक नवा प्लग होडींत असावा. मात्र तो मेणकापडांत गुंडाळलेला बरा, कारण खाऱ्या हवेनें त्याचे आटे गंजतात.