ओढेल की! पण थांबेल का?

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'यूएसएहून आलेली आपली मैत्रीण' अशी माझी ओळख करून दिली तेव्हा मागच्या रांगेतून लगेच आवाज आला, "कुठलं यूएसए?" प्रश्न रास्त आहे. उल्हासनगर सिंधी असोसिएशनचा माल वापरूनच आपण सगळे मोठे झालो. मी त्या दुसऱ्या यूएसएतून, डेन्व्हरजवळून आले आहे.

मला विषय दिला होता 'परदेशातले अनुभव'. तो मी आयोजकांना न विचारता बदलला आहे. कारण गेल्या महिन्यात आपल्या ग्रुपवर आपल्यातल्याच एकाने एक प्रश्न टाकला होता. नाव घेत नाही, तो समोरच बसला आहे आणि आत्ता खाली बघतोय. त्याच्याकडे पिकअप आहे, पाच माणसं बसतील अशी. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून ते याच्या डोक्यात बसलंय. आता त्याला उल्हासनगरात एक ट्रेलर बांधून घ्यायचा आहे. आत झोपायची सोय, छोटा ओटा, संडास. तो पिकअपला जोडायचा आणि आई, बायको, दोन मुलं घेऊन मुरबाडमार्गे माळशेज चढायचा. त्याने विचारलं, "माझी गाडी ओढेल का?" तासाभरात वीसेक उत्तरं आली. "ओढेल की!" "बिनधास्त!" आणि अंगठे. वजन किती, हे एकानेही विचारलं नाही.

मी आणि माझा नवरा गेली सहा वर्षं असा ट्रेलर पिकअपमागे लावून कोलोरॅडोच्या डोंगरांत फिरतो. त्यामुळे या विषयावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं मी समजते.

सुरुवात मात्र डेन्व्हरपासून नाही, कर्जतपासून करते. पुण्याला जाताना कर्जतला गाडी थांबायची, आपण वडा घ्यायला उतरायचो आणि मागून धक्का बसायचा. बँकर लागले. कल्याणहून उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर करत एकट्या इंजिनाने आणलेली तीच गाडी, तेवढेच डबे, तेवढीच माणसं. मग कर्जतलाच मदत का लागते? कारण पुढे बोरघाट आहे. १८६३ मध्ये तो मार्ग खुला झाला तेव्हापासून चढ ३७ ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. हिशेब सोपा आहे, सायन्सच्या बाई इथे आहेत म्हणून भीत भीत सांगते: दर टन वजनामागे सुमारे २७ किलो ओढ नुसती गुरुत्वाकर्षणाची. हजार टनांच्या गाडीला २७ टन. सपाटीवर याचा मागमूसही नसतो.

रेल्वेवाले हा प्रश्न कल्याण ते बदलापूर या टप्प्यावर ठरवत नाहीत. सगळ्या प्रवासातला सर्वांत वाईट तुकडा कोणता, तिथे ही गाडी उभी राहिली तर पुन्हा हलेल का, असं ते विचारतात. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हरची क्षमता ठरवतानाही हेच करतो. रात्री तीनचा ट्रॅफिक बघून कुणी सर्व्हर घेत नाही. (वंदे भारतला मात्र घाटात बँकर लागत नाहीत. तिच्या निम्म्या डब्यांनाच मोटर आहेत.)

अमेरिकेत पिकअपच्या जाहिरातीत 'इतके पौंड ओढते' हा आकडा मोठ्या अक्षरात असतो. पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने काढायची. मग वाहन अभियंत्यांच्या संघटनेने एक समान चाचणी ठरवली. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर, ३८ अंश उन्हात, एसी पूर्ण सुरू ठेवून, ट्रेलर मागे लावून चढायचं आणि वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊ द्यायचा नाही. त्यांचा बोरघाटच म्हणा. ही चाचणी लावल्यावर काही गाड्यांचे छापील आकडे खाली आले.

पण त्या चाचणीतही एक गोम आहे. गाडीत दोनच माणसं धरलेली असतात आणि प्रत्येकी ६८ किलोची. आपल्या बॅचमध्ये ६८ किलोचं आता कोण उरलंय, हात वर करा! बघा.

विनोद सोडा, खरी अडचण इथेच आहे. ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, तो गाडीच्या मागच्या टोकावर बसतोसुद्धा. ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्यांना हे मी सांगायला नको. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त भरलं की सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचंही तसंच. त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर यायला हवा. कमी आला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो आणि एकदा झुलायला लागला की पिकअपलाही घेऊन झुलतो. जास्त आला तर पिकअपचं बूड दबतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं.

आता आपल्या मित्राचा हिशेब मांडू. आकडे मी अंदाजाने धरले आहेत, खरे त्याने गाडीच्या पाटीवरून आणि पुस्तकातून घ्यावेत. रिकामी पिकअप २१०० किलो, भरून जास्तीत जास्त २९०० ची परवानगी. म्हणजे ८०० किलो हातात. पाच माणसं ३५०, सामान ३००. झाले ६५०, उरले १५०. ट्रेलर? कारागीर सांगेल "दोन टन". पण तो रिकामा. त्यात पाण्याची टाकी, दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलो. बॅटरी, गाद्या, भांडी, आईचे डबे. सहज २५५० होतात. त्याचे १३ टक्के म्हणजे साधारण ३३० किलो पिकअपच्या बुडावर. उरले होते १५०.

समजा त्या गाडीची ओढण्याची क्षमता ३००० किलो आहे. ट्रेलर २५५०. कागदावर पास, ग्रुपवर पास. आणि तरी मागचा भार १८० किलोने जास्त. इंजिन तक्रार करणार नाही. ते ओढेल. बोलतील ते मागचे टायर आणि पाटे, तेही वळणावर.

आणि हे अजून चढाचंच झालं. उताराबद्दल ग्रुपवर कुणी शब्दही काढला नाही. पाच टनांची जोडगाडी ५०० मीटर खाली आणायची म्हणजे जेवढी उष्णता ब्रेकना गिळावी लागते, तेवढ्यात सत्तर-पंच्याहत्तर लिटर पाणी उकळेल. ती एवढ्याशा ब्रेकमध्ये जाते. ब्रेक तापले की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. आमच्याकडे डेन्व्हरला उतरणाऱ्या महामार्गावर ट्रकवाल्यांसाठी पाट्या आहेत, फसू नका, उतार अजून संपलेला नाही, अशा अर्थाच्या. बाजूला डोंगरावर चढत जाणारे खडीचे फाटे काढलेत. ब्रेक गेलेला ट्रक त्यात घालायचा. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, अरे, हे तर आपलं घाटातलं कॅच साइडिंग! बोरघाटात उतरणाऱ्या गाडीसाठी चढावर नेणारा आडमार्ग ठेवलेला असतो. गाडी ताब्यात आहे हे आधी थांबून दाखवायचं, मग पुढचा रस्ता मिळायचा. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांना उताराची भीती चढापेक्षा जास्त होती आणि ती योग्यच होती.

म्हणून मित्रा, तुला चार गोष्टी सांगते. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच, आणि ते पिकअपच्या ब्रेकबरोबर लागले पाहिजेत. कारागीर म्हणेल "ताई, गरज नाही", तर दुसरा कारागीर बघ. ट्रेलरलाही वेगळी नोंदणी लागते, तेव्हा लोखंड कापायच्या आधी कल्याणच्या आरटीओत जाऊन ये. चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही, आई कितीही म्हणाली "मी आत पडते जरा" तरी. आणि पाण्याची टाकी घाट उतरल्यावर भर, पाणी सगळीकडे मिळतं.

ट्रेलर लहान कर असंही सुचवेन. संडास काढलास तर बराच प्रश्न सुटतो. हे ऐकून वहिनी माझ्याकडे रागाने बघतायत, तो निर्णय तुम्ही घरात घ्या.

आणि वजन अंदाजाने धरू नकोस. एमआयडीसीत वजनकाटे आहेत, तिथे तीनदा वजन कर. पहिल्यांदा सगळी माणसं आणि सामान भरून नुसती पिकअप. मग ट्रेलर जोडून, पण फक्त पिकअपची चाकं काट्यावर, ट्रेलरची बाहेर. मग दोन्ही मिळून. दुसऱ्यातून पहिलं वजा केलंस की बुडावरचा भार मिळतो, तिसऱ्यातून पहिलं वजा केलंस की ट्रेलरचं खरं वजन. दुसरा आकडा पिकअपच्या पाटीवरच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर माळशेज रद्द, आधी सामान उतरव.

मी पुढच्या गुरुवारपर्यंत बदलापूरला आईकडे आहे. ट्रेलर अजून कागदावरच आहे हे मला माहीत आहे, पण पिकअप तर आहे. रविवारी सकाळी आरसी बुक आणि गाडीचं पुस्तक घेऊन ये, येताना घरच्या सगळ्यांना बसवून आण. पहिला आकडा तरी काढून टाकू. काट्याचे पैसे मी देते, नाश्त्याचे तू दे.